लकवा आणि वंशावळ

परळी वैजनाथ आणि आसपासच्या गावांत माणसाची एक बाजू अचानक लुळी पडली की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात, आणि त्याचे कारण विचारले तर रक्तदाब, साखर, तंबाखू किंवा दारू यांपैकी एखादे उत्तर मिळते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे उत्तर बरोबरच असते, कारण वर्षानुवर्षे वाढलेला आणि कधीच न मोजलेला रक्तदाब हे लकव्याचे सर्वांत मोठे कारण आहे. परंतु ज्या घरात वडिलांना पंचेचाळिशीत लकवा झाला, चुलत्याला पन्नाशीच्या आत झाला, आत्या साठीच्या आधीच विसरभोळी होऊन अंथरुणाला खिळली आणि आता तिशीतल्या मुलाला वारंवार अर्धशिशी उठते, त्या घरात केवळ रक्तदाबाचे यंत्र दंडाला लावून भागत नाही. अशा घरांपैकी काहींमध्ये मेंदूतील अतिशय बारीक रक्तवाहिन्यांची भिंत मुळातच सदोष घडलेली असते आणि तो दोष एखाद्या जनुकातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असले तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा करणाऱ्या मोठ्या धमन्या मेंदूच्या तळाशी आणि पृष्ठभागावर पसरलेल्या असतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या, मिलिमीटरच्या काही दशांशांहूनही बारीक अशा फांद्या आत खोलवर शिरतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या बोलीत 'टेलला', ज्याचे शेत असते त्याच्यापर्यंत पाणी येण्याची एकच चारी असते आणि ती बुजली की दुसरीकडून पाणी घेता येत नाही. मेंदूच्या खोल भागांची स्थिती नेमकी अशीच आहे. तेथील एक बारीक वाहिनी बंद पडली की 3 ते 15 मिलिमीटर आकाराचा भाग मरतो आणि त्या जागी एक पोकळी उरते. अशी एखादी पोकळी मेंदूच्या निरुपद्रवी कोपऱ्यात पडली तर माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. परंतु हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंच्या वाटेवर पडली तर लकवा होतो. याशिवाय, जेथून मेंदूच्या एका भागाचे संदेश दुसऱ्या भागाकडे जातात त्या आतल्या पांढऱ्या भागाला वर्षानुवर्षे अपुरे रक्त मिळत राहिले तर चाल अडखळते, लघवीवरचा ताबा सुटतो, विचारांचा वेग मंदावतो आणि शेवटी स्मृतिभ्रंश होतो. या साऱ्या प्रकाराला वैद्यकशास्त्रात मेंदूचा सूक्ष्मवाहिनी विकार म्हणतात. वयोवृद्ध माणसांत तो इतका सर्रास आढळतो की एमआरआयच्या अहवालात त्याचा उल्लेख असूनही घरचे लोक आणि कित्येकदा डॉक्टरही त्यावरून नजर पुढे सरकवतात. तोच उल्लेख चाळिशीतल्या माणसाच्या अहवालात असेल तर मात्र तेथे थांबायलाच हवे.

एकाच जनुकातील दोषामुळे होणाऱ्या अशा विकारांपैकी सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला विकार म्हणजे कॅडासिल. त्याचा शोध लागला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर एका घराण्याची वंशावळ काढताना. पॅरिसमधील मज्जाविकारतज्ज्ञ मारी-जर्मेन बूसेर यांच्याकडे 1976 मध्ये एक रुग्ण आला, ज्याला मेंदूच्या बारीक वाहिन्यांचा विकार होता, परंतु उच्च रक्तदाब नव्हता. काही वर्षांनी त्याच्या मुलांमध्ये तशाच खुणा दिसू लागल्या तेव्हा बूसेर आणि जनुकशास्त्रज्ञ एलिझाबेथ तूर्निए-लासेर्व यांनी त्या साऱ्या विस्तारित कुटुंबाची तपासणी केली. 1993 मध्ये दोषाचे स्थान 19व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवण्यात आले आणि 1996 मध्ये आन जूतेल व सहकाऱ्यांनी नॉच-3 हे जनुक निश्चित केले. या कामासाठी बूसेर, तूर्निए-लासेर्व, जूतेल आणि ऊग शाब्रिया या चौघांना 2019 चे ब्रेन प्राइझ मिळाले.

नॉच-3 जनुकाच्या सांगण्यावरून जे प्रथिन बनते ते रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशींच्या पृष्ठभागावर असते. पेशीच्या बाहेर डोकावणाऱ्या त्याच्या भागात एकसारख्या घडणीचे 34 टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचे 6 घटक असतात, जे जोडीजोडीने एकमेकांशी बांधले जाऊन त्या टप्प्याला योग्य घडी देतात. कॅडासिलमध्ये जनुकातील एका अक्षराच्या फरकाने एक सिस्टीन कमी होतो किंवा एक वाढतो; सहाचे पाच किंवा सात झाले की एक सिस्टीन जोडीदाराविना राहतो, घडी बिघडते आणि बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून भिंतीत साचू लागतात. हळूहळू स्नायुपेशी मरतात, भिंत जाड आणि ताठर होते आणि गरजेप्रमाणे रुंद किंवा अरुंद होण्याची वाहिनीची क्षमता नष्ट होते. हा साका सर्व शरीरातील लहान रक्तवाहिन्यांत असतो, म्हणून त्वचेचा छोटा तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तो दिसू शकतो. त्याचा फटका मात्र मुख्यतः मेंदूला बसतो.

या विकाराचा क्रम बऱ्याच अंशी ठरलेला आहे. तिशीच्या आसपास काही रुग्णांना अशी अर्धशिशी सुरू होते, जिच्या आधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा येतात किंवा एका बाजूला मुंग्या येतात. चाळिशी-पन्नाशीत लकव्याचे लहान झटके येतात, ज्यांतून रुग्ण आरंभी बराचसा सावरतो. त्यासोबत नैराश्य किंवा कशातच मन न लागणे दिसते, आणि पुढे चालणे, बोलणे व स्मरण यांचा ऱ्हास होतो. एमआरआयमध्ये कानशिलामागील मेंदूच्या भागाचे पुढचे टोक पांढरे दिसणे ही या विकाराकडे बोट दाखवणारी खूण आहे, कारण नुसत्या रक्तदाबाने होणाऱ्या विकारात ते टोक सहसा शाबूत राहते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली जनुकाची एकच सदोष प्रत विकार घडवायला पुरेशी असते, आणि म्हणून बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते.

अशा विकाराला दुर्मीळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु गेल्या दशकातील संशोधनाने ही समजूत हलवली आहे. 60,000 हून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीसाठ्यात 2016 मध्ये नॉच-3 मधील अशा सिस्टीन-बदलांचा शोध घेण्यात आला तेव्हा ते हजारात तीन ते चार जणांत आढळले, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत त्यांचे प्रमाण शंभरात सुमारे एक इतके होते. यांपैकी बहुतेकांना गंभीर आजार होत नाही, कारण बदल 34 टप्प्यांपैकी पहिल्या सहांत असेल तर विकार लवकर आणि तीव्र होतो, तर पुढच्या टप्प्यांत असेल तर तो उशिरा, सौम्य किंवा कधी जवळपास लक्षणांविना राहतो. दक्षिण आशियाचे प्रमाण मराठवाड्याला जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. तरीही ते ढोबळमानाने धरले तर 2011 च्या जनगणनेत 90,000 च्या आसपास लोकसंख्या असलेल्या परळी शहरात अशा बदलाचे वाहक शेकड्यांनी असू शकतात. सौम्य बदल असलेल्या माणसाचा रक्तदाबही वाढलेला असेल आणि तो बिडी ओढत असेल, तर त्याला झालेला लकवा कोणत्या कारणाच्या खाती मांडायचा, हा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने याहून अधिक लक्ष वेधणारा विकार म्हणजे कॅरासिल. तो अप्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे आई आणि वडील अशा दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली तरच तो पूर्ण स्वरूपात प्रकटतो. जपानी डॉक्टरांनी 1970 च्या दशकात अशा काही कुटुंबांचे वर्णन केले, ज्यांत तरुण माणसांना रक्तदाब नसताना मेंदूचा सूक्ष्मवाहिनी विकार होत होता आणि ज्यांच्या आईवडिलांचे लग्न बहुधा नात्यातले होते. 2009 मध्ये जपानी संशोधकांनीच त्याचे मूळ 10व्या गुणसूत्रावरील एचटीआरए-1 या जनुकात असल्याचे सिद्ध केले. हे जनुक एक विकर तयार करते, जे पेशींच्या वाढीला आणि तंतुमय ऊती तयार होण्याला चालना देणाऱ्या एका संदेशाला आवर घालते. तो आवर सुटला की वाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात. भारतीय कुटुंबांतील रुग्णही नोंदले गेले आहेत: बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतील डॉक्टरांनी जपानी सहकाऱ्यांसह 2017 मध्ये या जनुकातील तीन नवे दोष भारतीय कुटुंबांत आढळल्याचे प्रसिद्ध केले.

कॅरासिलची लक्षणे अशी आहेत की ती डोळ्यांसमोर असूनही एकत्र जोडली जात नाहीत. ऐन विशीत किंवा त्याआधीच डोक्यावरचे केस विरळ होतात, विशी-तिशीत कंबर आणि मान असह्य दुखू लागते आणि मणक्यांची झीज दिसते, आणि तिशीच्या आसपास पायांत ताठरपणा, लकव्याचे झटके व बुद्धीचा ऱ्हास सुरू होतो. परळी, धारूर, केज, वडवणी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचा, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचा, विचार केला तर ही अडचण लगेच ध्यानात येते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या माणसाची कंबर दुखते याचे कोणालाच नवल वाटत नाही आणि ते वाटण्याचे कारणही नाही, कारण शंभरातल्या बहुतेकांची कंबर त्या कामानेच मोडलेली असते. केस गेल्याची तक्रार घेऊन तर कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. मग पस्तिशीत वारं गेले की ते कारखान्याजवळच्या एखाद्या दवाखान्यात दाखवले जाते, तेथील कागद तेथेच राहतात, हंगाम संपल्यावर माणूस गावी परततो आणि पुढच्या झटक्याच्या वेळी तो दुसऱ्याच जिल्ह्यात किंवा कर्नाटकात असतो. भाऊ एका टोळीत, बहीण दुसऱ्या टोळीत, अशा विखुरलेल्या कुटुंबात तीन भावंडांना एकच आजार आहे हे कोणत्याही एका डॉक्टरला दिसण्याची सोय उरत नाही. या माणसांना आधीच मिळणाऱ्या तुटपुंज्या उपचारांमधली ही आणखी एक, फारशी न बोलली जाणारी उणीव आहे.

नात्यातील लग्नाचा मुद्दाही येथे नीट समजून घेण्यासारखा आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले आणि मामाची मुलगी करण्याला येथील अनेक जातींत पसंती असल्याचे नोंदवले. मराठवाड्यात ही प्रथा आजही पूर्ण मिटलेली नाही. समजा, एका आजोबांकडे एचटीआरए-1 ची एक सदोष प्रत आहे. ती त्यांच्या मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी आणि मुलीकडे जाण्याचीही निम्मी. पुढे मुलाच्या मुलीकडे आणि मुलीच्या मुलाकडे पोहोचण्याची शक्यता प्रत्येकी चौथाई. हे दोघे मामेबहीण-आतेभाऊ असून त्यांचे लग्न झाले, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक आणि त्यांच्या एखाद्या अपत्याला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चौसष्टात एक येते. हा आकडा लहान वाटला तरी अपरिचित कुटुंबांतील लग्नाच्या तुलनेत तो फार मोठा आहे, कारण अशा दुर्मीळ दोषाचे दोन वाहक योगायोगाने एकत्र येण्याची शक्यता नगण्य असते, आणि प्रत्येक पिढीत अशीच लग्ने होत राहिली तर तो आणखी वाढतो. यावरून झालेल्या लग्नांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात. मात्र ज्या घरात आधीच तरुण वयात लकवे झाले आहेत तेथे पुढची सोयरीक पुन्हा त्याच घरात करण्याआधी तपासणी व्हावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. 2015 पासून हेही कळले आहे की एचटीआरए-1 ची एकच प्रत सदोष असलेल्या काही माणसांनाही उतारवयात सौम्य स्वरूपाचा विकार होतो, म्हणजे 'वाहक' हा नेहमीच पूर्णपणे सुरक्षित असतो असे म्हणता येत नाही.

अशी आणखी जनुके आहेत. कोलेजन-4 या प्रथिनाच्या जनुकांतील दोषाने वाहिनीचे अस्तर कमकुवत होऊन मेंदूत रक्तस्राव होतो, कधी तर जन्माच्या वेळीच, आणि डोळे व मूत्रपिंडेही बिघडतात. परंतु ज्या दोन विकारांत निदान झाल्याने उपचारच बदलतो ते अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला आहे एडीए-2 या विकराच्या अभावाचा, जो 2014 मध्ये उलगडला. त्यात लहान मुलांना वारंवार ताप, त्वचेवर जाळीसारखे डाग आणि अगदी पाच-दहा वर्षांच्या वयात लकवा होतो. यातला लकवा नेहमीचा समजून रक्त पातळ करणारी गोळी दिली तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि उलट, सांधेदुखीच्या काही प्रकारांत वापरली जाणारी दाह रोखणारी विशिष्ट इंजेक्शने दिली तर पुढचे झटके बहुतांशी थांबतात. दुसरा आहे फॅब्री आजार. एका विकराच्या कमतरतेने एक प्रकारची चरबी वाहिन्यांच्या भिंतींत, मूत्रपिंडांत आणि हृदयात साचत जाते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांना तो अधिक तीव्र होतो. परळीच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर गेला असताना ज्या मुलाला घामच येत नाही, ज्याच्या तळहाता-तळपायांची आग होते आणि ज्याला उन्हात खेळणे सहनच होत नाही, त्याच्याकडे आळशी म्हणून नव्हे तर रुग्ण म्हणून पाहायला हवे. कमी असलेले विकर शिरेतून देण्याचा उपचार 2001 पासून उपलब्ध आहे. तो फार महाग आहे, परंतु केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश आहे, मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील केंद्र आहे आणि 2022 पासून प्रत्येक रुग्णामागे 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.

कॅडासिल आणि कॅरासिल यांवर मूळ दोष काढून टाकणारा उपचार आज नाही. म्हणून 'घराण्यातच आहे, आता काय करणार' असे म्हणून हात टेकण्याचा मोह होतो, आणि तो मोह चुकीचा आहे याचा सर्वांत ठळक पुरावा आइसलँडमध्ये सापडतो. तेथे सिस्टॅटिन-सी या प्रथिनातील एकाच दोषामुळे मेंदूतील वाहिन्यांत साका जमून रक्तस्राव होणारी घराणी आहेत. त्या बेटावर जन्ममृत्यूच्या नोंदी आणि वंशावळी काटेकोरपणे जपल्या गेल्यामुळे संशोधकांना दोन शतकांतील वाहकांचे आयुर्मान काढता आले. 19व्या शतकाच्या आरंभी हे वाहक साठी ओलांडत असत. शतकाच्या अखेरीस जन्मलेले मात्र तिशीतच मरू लागले. जनुक तेच होते, बदलले होते ते जगणे, बहुधा विशेषतः आहार. नॉच-3 च्या रुग्णांतही हेच सूत्र दिसते, कारण धूम्रपान करणाऱ्यांना लकवा लवकर येतो आणि वाढलेला रक्तदाब मेंदूची हानी वाढवतो. म्हणजे ज्याच्या रक्तवाहिन्या जन्मतः कमकुवत आहेत त्याने रक्तदाब नियमित मोजणे आणि बिडी-तंबाखू सोडणे हे इतरांपेक्षा अधिक निकडीचे ठरते.

जनुकीय तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते; निरोगी माणसाने ती करावी की नाही हा निर्णय मात्र सोपा नाही. वीस वर्षांच्या मुलीला, पुढे होऊ शकणाऱ्या आणि आज बरा न होणाऱ्या आजाराची खबर तिच्या इच्छेविरुद्ध देणे हा उपकार नव्हे, आणि लग्नाच्या बाजारात ती खबर फुटली तर होणारे नुकसान तिलाच सोसावे लागते. म्हणून जगभर असा संकेत आहे की अज्ञान मुलांची अशी तपासणी करू नये, प्रौढांची करायची तर आधी समुपदेशन व्हावे आणि निकाल ज्याचा त्यालाच सांगावा.

या सगळ्याची सुरुवात मात्र तपासणीने होत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मराठी घराण्यांच्या कित्येक पिढ्यांची नावे उतरवलेली असतात. कोण कोणत्या वयात, कशाने गेले हे मात्र केवळ घरातल्या जुन्या माणसांनाच ठाऊक असते आणि त्यांच्याबरोबर ते नाहीसे होते. ज्या घरात साठीच्या आत दोघातिघांना लकवा झाला असेल, त्या घरातील वाचकांनी आजी, आत्या, मामा यांना विचारून तीन पिढ्यांतील प्रत्येकाचे नाव, लकवा किंवा विसरभोळेपणा सुरू झाल्याचे वय, अर्धशिशी, लवकर पडलेले टक्कल, कंबरदुखी आणि कोणाचे लग्न नात्यात झाले हे एका कागदावर लिहून काढावे, आणि परळीहून पंचवीसएक किलोमीटरवर असलेल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाताना एमआरआयच्या फिल्मबरोबर तो कागदही न्यावा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो त्यांच्यापुढे ठेवावा.